‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ घेत राहावं की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारे एक वाचक २००८पासून मार्व्हल कंपनीच्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या कॉमिक मासिकाचे सुटे अंक दुकानात नोंदणी करून घेत आले आहेत. २०२२नंतरच्या अंकांनी त्यांचा पार विरस केला. स्पायडर-मॅनची, म्हणजे पीटर पार्करची, प्रेयसी मेरी जेन आणि पॉल नावाच्या नव्या माणसाचं प्रकरण त्यांच्या गळी उतरत नाही, पण मधूनच एखादा अंक असा निघतो की नोंदणी रद्द करवत नाही. घरात पाचशेच्या वर अंक साठलेत आणि दर पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो. घेत राहावं, थांबावं, की सगळं विकून मोकळं व्हावं?

आधी निकाल, मग कारणं. सुट्या अंकांची नोंदणी थांबवा, वाचन चालू ठेवा आणि विकायच्या भानगडीत सरसकट पडू नका. तुमचा राग रास्त आहे, फक्त तो निघतोय चुकीच्या माणसावर. २०२२पासूनच्या अंकांचा लेखक झेब वेल्स, त्याला कितीही शिव्या घातल्या तरी उपयोग नाही, कारण तुम्हाला जे खुपतंय ते वेल्स यायच्या पंधरा वर्षं आधी ठरलं होतं.

स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात, मुखपृष्ठावरची तारीख ऑगस्ट १९६२. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी शाळकरी पोरगा उभा केला आणि पुढे तो खरोखर वाढत गेला. ‘अमेझिंग’च्या २८व्या अंकात शाळा संपली, ३१व्यात कॉलेज सुरू झालं, १९७३ साली १२१व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी गेली, आणि १९८७च्या वार्षिकात, म्हणजे २१व्या वार्षिक अंकात, पीटर-मेरी जेनचं लग्न लागलं. वाढ हळू होती, कॉलेज सुटायला तर १९७८ उजाडलं, पण दिशा एकच होती: पुढे. म्हणून तेव्हाच्या वाचकाला हा आपल्याबरोबर मोठा होणारा नायक वाटला, आणि हीच सवय पुढे गोत्यात आणणारी ठरली.

२००७च्या अखेरीस ‘वन मोअर डे’ आली. चार अंकांची गोष्ट: मे काकूला गोळी लागलेली, ती वाचत नाही, आणि मेफिस्टो नावाचा सैतान तिच्या जिवाच्या बदल्यात पीटर आणि मेरी जेनचं लग्न मागतो. म्हणजे घटस्फोट नव्हे; लग्न मुळात झालंच नव्हतं असा इतिहास होतो. चित्रं जो क्वेसाडाची आणि मार्व्हलचा मुख्य संपादकही तोच. त्याचं म्हणणं होतं की संसारी पीटर वयस्क वाटतो आणि घटस्फोटित पीटर त्याहून वयस्क वाटेल, तेव्हा पाटीच कोरी करू. लेखक जे. मायकेल स्ट्राझिन्स्की या शेवटावर नाराज होता आणि ते त्याने उघड बोलून दाखवलं. जानेवारी २००८मध्ये ५४६व्या अंकापासून नवं पर्व सुरू झालं, महिन्याला तीन-तीन अंक निघू लागले, आणि तुम्ही नेमके इथे गाडीत चढलात.

यातली गंमत लक्षात घ्या. चालू अंकांत तुम्ही विवाहित पीटर कधी वाचलेलाच नाही. तुमच्या मनातलं ‘खरं’ नातं जुन्या अंकांतून, संग्रहांतून (पाच-सहा अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकांतून), सिनेमांतून आलेलं आहे. तरीही ते हिरावलं गेल्यासारखं वाटतं, कारण २००८नंतरच्या प्रत्येक लेखकाने त्या नात्याचं आमिष दाखवलं आणि प्रत्येकाला ते अर्ध्यात आवरावं लागलं. निक स्पेन्सरचं उदाहरण सगळ्यात ठळक आहे. २०१८ साली त्याने पहिल्याच अंकात दोघांना एकत्र आणलं. मग किंड्रेड नावाचा खलनायक उभा करून ७४ अंक पेरणी केली, की २००७च्या त्या सौद्याचा हिशेब आता होणार. २०२१मध्ये पर्व संपलं तेव्हा ग्वेन आणि पीटरचा जुना वैरी नॉर्मन ऑस्बॉर्न यांना मुलं झाल्याची ती जुनी ‘सिन्स पास्ट’ गोष्ट तेवढी धुऊन निघाली. मेफिस्टो पानांवर आला, लग्न आलं नाही. स्पेन्सर जाऊन वेल्स आला तरी स्पायडर-मॅनचं संपादन निक लो याच्याकडेच राहिलं. लेखक बदलतो, कुंपण तिथेच राहतं.

‘लग्न झालं की गोष्ट संपते’ हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. १९८७ साली, लग्नानंतर लगोलग, ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ आली: जे. एम. डीमॅटिस आणि माइक झेक, तीन वेगवेगळ्या मासिकांत विखुरलेले सहा भाग. क्रेव्हन पीटरला जिवंत पुरतो आणि तो कबरीतून वर येतो तो बायकोसाठी. लग्न काढून टाका आणि त्या कथेचा कणाच निघून जातो. दुसरा पुरावा वर्तमानपत्रातल्या स्पायडर-मॅनच्या पट्टीचा. तिथेही २००९च्या सुरुवातीला लग्न पुसून पाहिलं, वाचकांनी ओरड केली आणि काही महिन्यांत ते सगळं स्वप्न होतं असं सांगून मेरी जेनला बायको म्हणून परत आणलं. ती पट्टी मग २०१९पर्यंत नीट चालली.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या घरात हे अधिकच विचित्र वाटतं. वेताळाचं डायनाशी लग्न १९७७मध्ये झालं, पाठोपाठ किट आणि हेलॉइज ही जुळी झाली, आणि कोणाला वाटलं नाही की आता वेताळाची धार गेली. पण तुलना इथेच थांबवावी लागते. वेताळ हा एकविसावा वेताळ आहे. बाप मरतो, मुलगा गादीवर बसतो, हे त्या कल्पनेच्या मुळातच आहे. पोरं झाली नाहीत तरच तिथे पंचाईत. शिवाय ते लग्न लावलं खुद्द निर्मात्याने, ली फॉकने, आणि १९९९मध्ये मरेपर्यंत लिहिणारा तोच होता. स्पायडर-मॅनची मूळ कल्पना आहे पैसे नसलेला, वेळ नसलेला तरुण. मालक कंपनी, लेखक पगारी, आणि दर काही वर्षांनी नवा वाचक आत यायला हवा. त्यामुळे बदल झाल्यासारखा वाटला पाहिजे पण व्हायला नको, अशी ही सर्कस आहे.

आता वेल्सच्या पर्वाकडे, कारण तुमची तक्रार तिथली आहे. एप्रिल २०२२चा पहिला अंक काढा. पहिल्या पानावर पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावातला एक मोठा खड्डा, भोवती सगळं उद्ध्वस्त, मधोमध फाटक्या पोशाखातला पीटर. मग कथा सहा महिने पुढे उडी मारते. पीटर कर्जबाजारी, मे काकू रागावलेली, फॅन्टॅस्टिक फोर हे मित्र-नायक तोंड फिरवून बसलेले आणि मेरी जेन पॉल नावाच्या माणसाबरोबर, घरात दोन मुलं. पीटरने नेमकं काय केलं? याचं उत्तर २०२३च्या वसंतात, २१व्या अंकापासून पुढे मिळतं. जवळजवळ वर्षभर मासिकात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एकट्या वाचकापासून लपवलेली आहे. पीटरच्या डोक्यातले विचार चौकटीत छापायचे आणि नेमका तोच विचार गाळायचा, ही लबाडी वाचकाला पहिल्या दोन-तीन अंकांत कळते. नायकालाही ठाऊक नसलेलं रहस्य चालतं, कारण आपण त्याच्याबरोबर शोधतो. इथे शोधायला काही नव्हतंच, नुसती वाट पाहायची होती.

त्यात उत्तर आलं तेही दुबळं. दुसऱ्या मितीत काळ वेगाने सरला, मेरी जेनची तिथे वर्षं गेली, तिने पॉलबरोबर संसार थाटला. म्हणजे पीटरला सोडायचा निर्णय तिने घेतलाच नाही, घड्याळाने घेतला. पुढे ती मुलंही खरी नव्हती असं निघालं. तुम्हाला पॉल आवडत नाही असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते खरी अडचण अशी की पॉल हा माणूसच नाही, तो पाचर आहे. त्याला स्वतःचा धंदा नाही, विनोद नाही, हट्ट नाही. दोघांमध्ये काहीतरी ठोकायचं होतं, ते ठोकलं. कमला खानचंही, म्हणजे ‘मिस मार्व्हल’ या तरुण नायिकेचंही, तसंच. मे २०२३च्या २६व्या अंकात तिला मारलं आणि दोनच महिन्यांत ‘हेलफायर गाला’ या एक्स-मेनच्या अंकात म्युटंट (जन्मजात शक्ती असलेली) म्हणून उठवलं. दूरचित्रवाणी मालिकेतली कमला आधीच म्युटंट ठरलेली होती, कॉमिक्सला तिच्याशी जुळवून घ्यायचं होतं. त्या मृत्यूचं पीटरच्या गोष्टीशी देणंघेणं फार थोडं.

पण याच पर्वात टूमस्टोनचं पहिलं कथानक आहे, पहिले पाच अंक. एका गुंडाला इतका थंड, इतका हिशेबी क्वचितच लिहिलाय. पापं धुतली गेलेला, मनापासून सुधारायला निघालेला नॉर्मन ऑस्बॉर्न आणि त्याने दिलेल्या नोकरीत अवघडलेला पीटर हाही उत्तम धागा. जॉन रोमिता ज्युनियरची चित्रं अनेकांना खटकतात, ठोकळेबाज चेहरे म्हणून. मारामारीच्या पानांवर मात्र त्याच्याइतकं वजन फार थोड्यांच्या रेषेत असतं. मधूनच चांगला अंक निघतो असं तुम्हाला वाटतं ते उगाच नाही. वेल्सला खलनायक जमतात, घर जमत नाही.

तुमच्या चिडचिडीतला काही भाग कागदाच्या आकारातून येतो, तो वेगळा काढा. सुट्या अंकात गोष्टीची साधारण २० पानं असतात, वाचायला दहा-बारा मिनिटं. एप्रिल २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळात ६० अंक निघाले, म्हणजे महिन्याला दोनच्या हिशेबाने. हल्लीची कथानकं चार ते सहा अंकांची आणि पुढे संग्रहात छापायच्या बेतानेच रचलेली असतात. ती पंधरवड्याला दहा मिनिटं अशी खाल्ली की भूक भागत नाही आणि राग साठतो. रहस्याचं ते वर्ष संग्रहात सलग वाचलं तर दोन-तीन रविवारांत आटपतं. लबाडी तरीही दिसते, पण टोचत कमी.

म्हणून पुढच्या कोणत्याही लेखकाला एकच चाचणी लावा: पहिले सहा अंक हातात आल्यावर एका बैठकीत वाचा. वाचताना पाहा की गोष्ट पीटरच्या निर्णयाने पुढे जाते की त्याच्यावर नुसती संकटं कोसळताहेत. स्ट्राझिन्स्कीच्या २००१च्या पहिल्या कथानकात पीटर शाळेत शिक्षक होतो, तो त्याने घेतलेला निर्णय असतो, आणि पुढचं कितीतरी त्यातून निघतं. दुसरं पाहा ते असं की सहाव्या अंकात आधीचा एखादा तरी प्रश्न मिटला का. मिटला नसेल, नुसते नवे प्रश्न चढवले असतील, तर बाराव्यातही मिटणार नाही हे धरून चाला. तिसरं, श्रेयनामावली. सहा अंकांत तीन-चार चित्रकार फिरलेले दिसले तर तो वेगाचा परिणाम आहे; महिन्याला दोन अंक एका हाताने निघत नाहीत, आणि अशा वेळी भावनेचे प्रसंग आधी मार खातात, कारण चेहरे दर अंकाला बदलतात. दुसऱ्या मासिकांचे अंक घेतल्याशिवाय गोष्ट कळत नसेल तर तो मजकूर टाळलेला बरा. २०२३-२४च्या ‘गँग वॉर’मध्ये जोड-अंक बरेच होते, पण मुख्य गोष्ट मुख्य मासिकात कळत होती, एवढं श्रेय द्यायला हवं.

एप्रिल २०२५मध्ये पुन्हा एक नंबरपासून सुरुवात झाली, लेखक जो केली, चित्रकार पेपे लाराझ आणि रोमिता ज्युनियर. हे ‘एक नंबर’ मनावर घेऊ नका. मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत दुसरा आकडा असतो, तो १९६३पासूनचा सलग क्रमांक. वेल्सचा पहिला अंक त्या हिशेबाने ८९५वा. ती मालिका वेल्सनंतरचे दहा अंक धरून ७० अंक चालली, म्हणून केलीचा पहिला ९६५वा आणि छत्तिसावा हजारावा. कपाटात अंक लावताना हाच आकडा धरा, नाहीतर २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५चे ‘एक नंबर’ एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. मोठे बदल, मोठे मृत्यू अशा गोल आकड्यांच्या आसपास ठेवायची प्रथा आहे, तेव्हा नोंदणी तोडायची तर ती गोल आकड्याच्या आधी. नंतर तोडू म्हणणारा बहुधा पुढचे सहा महिने अडकतो.

संसारी पीटरच हवा असेल तर तो दुसऱ्या दारात आहे. जानेवारी २०२४मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांचं ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ सुरू झालं. वेगळ्या विश्वातला हा पीटर पस्तिशीचा आहे, मेरी जेनशी लग्न झालेलं, रिचर्ड आणि मे ही दोन मुलं, आणि शक्ती मिळते ती या वयात. विवाहित स्पायडर-मॅन वाचायला लोक तयार आहेत हे त्या मासिकाला मिळालेल्या प्रतिसादाने कंपनीच्याच घरात सिद्ध झालं. मुख्य मासिकात तरीही लग्न येणार नाही. उलट ती हौस भागवायला वेगळं दार उघडून दिलं, की मुख्य दार बंद ठेवायला सोपं जातं. तुम्ही त्या दाराने जा. चार संग्रह वाचून झाले की मुख्य मासिकावरचा तुमचा राग निम्मा उतरेल, कारण मग तिथे तुम्ही लग्न शोधणार नाही, टूमस्टोन शोधाल.

आता पैसे. साधा अंक ३.९९ किंवा ४.९९ डॉलर, गोल आकड्याचा जाड अंक ९.९९पर्यंत जातो. वर्षाला चोवीस अंक धरले तर छापील किमतीनेच आठ ते दहा हजार रुपये, त्यावर दुकानदाराची वाहतूक वेगळी. पाच-सहा अंकांचा संग्रह छापील किमतीला फार स्वस्त पडतो असं नाही. बचत होते ती वेगळ्या कारणाने: परीक्षणं आणि मित्रांची मतं येऊन गेल्यावर तुम्ही निवडता, आणि वर्षातल्या चार संग्रहांपैकी दोनच घेता. मार्व्हल अनलिमिटेड या सशुल्क अ‍ॅपवर नवा अंक साधारण तीन महिन्यांनी येतो. चाचणीचे सहा अंक तिथे वाचा, आवडलं तर संग्रह कागदावर घ्या.

नोंदणी रद्द करताना वेळेचा हिशेब नीट समजून घ्या, इथे दुकानदाराशी वाजतं. अंकाची जाहिरात बाजारात यायच्या दोन-तीन महिने आधी निघते आणि दुकानाची अंतिम मागणी तीन-चार आठवडे आधी गोठते. परदेशी माल मागवणारा इथला दुकानदार त्याही आधी पैसे गुंतवतो. आज तुम्ही ‘बंद’ म्हटलंत तरी पुढचे चार-पाच अंक तुमच्या नावावर निघालेले असणार. ते उचला. आणि सांगताना शेवटच्या अंकाचा आकडा लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. ‘हे कथानक संपलं की थांबू’ असं मोघम सांगू नका, कारण कथानक कुठे संपतं यावर दोघांचं एकमत होत नाही. व्हेरिएंट मुखपृष्ठांची (त्याच अंकाच्या वेगळ्या चित्राच्या मुखपृष्ठांची) नोंदणी वेगळी असते, ती रद्द करायची राहून जाते.

विकण्याबद्दल थोडक्यात. २००८नंतरचे बहुतेक अंक भरपूर छापलेले आहेत. त्यांना छापील किंमत आली तरी नशीब. तुमच्या काळातले काही मात्र बाजूला काढा: २००८चा ५६९वा, त्यात अँटी-व्हेनम हे पात्र पहिल्यांदा पूर्ण दिसतं, ऑगस्ट २०११चा ‘अल्टिमेट फॉलआउट’ चौथा अंक, माइल्स मोरालेसचा पहिला, २०१४चा ‘एज ऑफ स्पायडर-व्हर्स’ दुसरा, स्पायडर-ग्वेनचा पहिला. ओबामांच्या मुखपृष्ठाचा २००९चा ५८३वा घरात असेल तर फार आशा धरू नका, त्याच्या पुनर्मुद्रणांची रांग लागली होती. पहिली छपाई की पुढची, हे पहिल्या पानाच्या तळाच्या बारीक मजकुरात तपासा. भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली किंमत सोडा, झालेल्या विक्रीची किंमत बघा; दोन्हींत अनेकदा दुप्पट-तिप्पट फरक असतो. बाकीचा माल सलग संच करून जातो. २०१३-१४चं ‘सुपीरियर स्पायडर-मॅन’, जिथे डॉक्टर ऑक्टोपस पीटरच्या देहात वावरतो, एकगठ्ठा ठेवलंत तर गिऱ्हाईक मिळेल. सुटं केलंत तर पहिला अंक जाईल आणि तीस घरी राहतील. माटुंग्याला महेश्वरी उद्यानाजवळचे किंवा फोर्टातले पदपथावरचे पुस्तकवाले गठ्ठ्याच्या भावाने घेतात, त्यांच्याकडे शेवटी जा. मुंबई कॉमिक कॉनच्या आधीचे दोन महिने संग्राहक शोधत असतात.

राहता राहिला कपाटाचा वास, आणि तो साधा प्रकार नाही. कुबट वास म्हणजे बुरशीची सुरुवात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीच्या दोन्ही बाजूंना, ठाण्यात काय किंवा ऐरोलीत काय, बाहेर ती ८५च्या पुढे असते. आधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवा. ६०च्या खाली राहिलं तर ठीक. आदर्श ५०च्या आसपास, पण वर्षभर वातानुकूलन चालवल्याशिवाय इथे ते जमत नाही.

लोक जुलैत घाबरून सिलिका जेलच्या पुड्या टाकतात आणि महिन्याने बुरशी तशीच. कारण पाणी हवेत नसतं, कागदात असतं. चाळीस लिटरच्या बंद डब्यातली हवा ३० अंशाला पूर्ण दमट असली तरी तिच्यात जेमतेम सव्वा ग्रॅम बाष्प मावतं. पण शंभर अंकांचा कागद पाच-सहा किलो भरतो, आणि ८० टक्के आर्द्रतेतला कागद ५० टक्क्यांच्या आर्द्रतेला आणायचा म्हणजे त्यातून दीडशे-दोनशे ग्रॅम पाणी काढायचं. जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी धरतं. हिशेब करा: शंभर अंकांना सहाशे-आठशे ग्रॅम जेल. पाच ग्रॅमच्या दोन पुड्यांचा तिथे काय पाड? त्यामुळे अंक डब्यात बंद करायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत, दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडे ठेवून. मग शंभर अंकांमागे शंभर ग्रॅम जेलही पावसाळा काढतं, कारण त्याला फक्त झाकणाच्या फटीतून येणारं बाष्प झेलायचं असतं. नारिंगी मण्यांचं जेल घ्या, भिजलं की ते हिरवं होतं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दोन-तीन तास भाजलं की पुन्हा वापरता येतं. निळ्या मण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, घरात ते नको.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या हव्यात, पीव्हीसीच्या मऊ, चकचकीत, वास येणाऱ्या नकोत. पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर शाईला चिकटून मुखपृष्ठ खराब करतं. हल्लीच्या अंकाला जेमतेम सात इंच रुंद, साडेदहा इंच उंच पिशवी पुरते. आतला पुठ्ठा आम्लमुक्त असला पाहिजे. मिठाईच्या खोक्याचा करडा पुठ्ठा कापून घालायची युक्ती महाग पडते, पाचेक वर्षांत अंकाची मागची बाजू पिवळी होते. पिशवी चिकटपट्टीने बंद केली असेल तर अंक काढताना पट्टी आधी पूर्ण सोडवा. मुखपृष्ठाला पट्टी चिकटून चिरलेले अंक संग्राहकांकडे ढिगाने सापडतात. डबे उभे भरा, गच्च नको आणि सैलही नको, सैल भरले की अंक वाकतात. बाहेरच्या भिंतीपासून चार इंच दूर ठेवा, बाथरूमखालच्या माळ्यावर तर अजिबात नको. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लॅस्टिक मऊ करते आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दर डब्यातले पाच अंक काढून पिनेची जागा पाहा. पिनेभोवती तपकिरी वलय दिसलं तर तो डबा ओलसर आहे, सगळा उघडा. चंदेरी, चपळ कसर (कागद खाणारा किडा) दिसली तर अंक पिशवीत घट्ट बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं.

तोच फ्रीझर गळतीच्या दिवशीही कामाला येतो. गुळगुळीत कागदाचा अंक भिजला आणि तसाच वाळला की पानांवरचा लेप एकमेकांना चिकटतो आणि पुन्हा सुटत नाही. म्हणून भिजलेला अंक उन्हात टाकायचा नाही, पिशवीत घालून लगेच गोठवायचा. मग सवडीने एकेक बाहेर काढून, पानं ओली असतानाच अलगद सोडवून, मध्ये बटर पेपर घालून पंख्याखाली वाळवायचा. दहा अंकांना एक रविवार जातो. तोवर फ्रीझरमधले मटार दुसरीकडे हलवावे लागतील.